कडक चिमट्याची सायकल, दिवसभराच्या जंगलासाठी : प्रकल्प नोंदी

2 जून 2024

पहिला कागद आहे, म्हणून नेमकं काय हवं ते आधी लिहून ठेवतो. आंबा-विशाळगडच्या जंगलपट्ट्यात उजाडताना शिरायचं आणि दिवस कलायच्या आत बाहेर पडायचं. मधले आठ-नऊ तास सायकलवर. मुरमाचे रस्ते, बैलगाडीच्या चाकोऱ्या, जांभ्याचे सडे (उघडा सपाट कातळ), पाचोळ्याखाली दडलेल्या मुळ्या, वाटेत दोन-चार ओढे. वेगाची हौस नाही, उड्या मारायच्या नाहीत. संध्याकाळी उतरल्यावर मनगटं, मान आणि कंबर शाबूत हवी. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात, उद्यमनगरात कामावर व्हर्निअर धरताना बोटांना मुंग्या नकोत.

सध्या आहे ती ॲल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढं शॉकअप, मागं नाही), 29 इंची चाकांची, पुढं 100 मिमी दबणारा स्प्रिंगवाला चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. चार तास काही तक्रार नसते. त्यानंतर करंगळी आणि अनामिका बधिर होत जातात. या दोन बोटांची नस तळहाताच्या करंगळीकडच्या कडेनं, मनगटापाशी वरवरच जाते आणि सरळ हँडलवर अंगाचा भार बरोब्बर तिथंच पडतो.

काल चिमटा उतरवून काट्यावर ठेवला. 2 किलो 600 ग्रॅम. हातानं दाबला तर पहिल्यांदा अडून बसतो. सीलचं घर्षण मोडल्याशिवाय आतली स्प्रिंग कामाला लागत नाही. जंगलातल्या दिवसात जी बारीक थरथर सतत बसते, ती मोडायला तेवढं बळ नसतं. त्यामुळे मोठ्या खड्ड्यात तो दबतो, बारक्या हादऱ्यांना कडकच राहतो आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की खालीवर होत ताकद खातो. स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा चांगला एअर फोर्क याहून खूप सरस असतो, तो मी चालवून पाहिलाय. पण त्याच्या खालच्या नळ्या साधारण 50 तासांनी उघडून तेल बदलावं लागतं. नऊ तासांचा एक दिवस धरला तर पाच-सहा फेऱ्या झाल्या की सर्व्हिसिंग, आणि लाल चिखलात त्याच्याही आधी. माझ्या खात्रीचा असं काम करणारा माणूस पुण्यात आहे.

तेव्हा चिमटा कडकच, म्हणजे न दबणारा, घ्यायचा. आराम बाकीच्या सायकलीतून काढायचा. बजेट 60,000.

9 जून

आंब्याच्या अलीकडच्या एका वाडीतल्या तात्यांची काळी सायकल मोजून आलो. ते रोज तिच्यावर दुधाच्या किटल्या घेऊन जंगलाच्या कडेच्या रस्त्यानं येतात, म्हणून बघायची होती.

28 इंची चाक, टायर 28 × 1½, म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास 635 मिमी. आजच्या 29पेक्षाही मोठा. सीटखाली जाड स्प्रिंगा. हँडल मागं वळलेलं, मुठी सीटच्या चार बोटं वर. दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर टेपनं 115 सेंमीच्या आसपास. चिमटा चांगलाच पुढं ढाळून बसवलेला, त्यामुळे दगडाचा धक्का सरळ वर न येता चिमट्याच्या पायांना थोडा मागं वाकवतो आणि काही अंशी तिथंच मुरतो. पाचोळ्यातून एक फेरी मारली. हातांवर भार जवळजवळ नाहीच.

मी विचारलं, "तात्या, कंबर नाही का दुखत?"

"दुखली की उतरून चालायचं. चढाला तर चालतोयच की. सायकल काय, वज्जं वाहायला हाय."

या सायकलीवरून काय घ्यायचं ते स्पष्ट दिसलं: मागं वळलेलं हँडल, उंच मुठी, लांब बांधा. काय घ्यायचं नाही तेही दिसलं. सळीचे ब्रेक ओल्या रिमवर धरत नाहीत, गिअर एकच आणि सगळा भार सीटवर. उभ्या चढाला पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. मला या बैठकीच्या आणि हार्डटेलच्या मधली बैठक हवी आहे. सपाटीला अंग सैल, चढाला पुढं झुकायला जागा.

23 जून

पाऊस लागला. घरी बसून कागदावर उमेदवार मांडले.

अमेरिकेत ओरेगनमध्ये जेफ जोन्स ज्या लांब बांध्याच्या सायकली काढतो, त्यात 29 × 3चे (29 इंची चाकाला 3 इंच रुंद) टायर, उंच पुढा आणि 45 अंश मागं वळलेलं हँडल असतं. शॉकअपची जागा सोडून मग कडक चिमटा घातला, असं तिथं नाही. रचनाच कडक चिमट्यासाठी केलेली आहे. माझ्या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर हेच. वाहतूक आणि सीमाशुल्क धरलं की बजेट पार कोलमडतं, म्हणून बाजूला. पण तिचं हँडल डोक्यात पक्कं बसलंय.

कोना कंपनीची युनिट एक्स. क्रोमोलीची (क्रोम-मॉलिब्डेनमच्या मिश्र पोलादाची) फ्रेम, कडक चिमटा, 29 × 2.6 टायर, जागोजागी बाटल्या-पिशव्यांसाठी आटे. साधी आणि सरळ. माझ्या मापाची इथं कुठं मिळाली नाही.

सर्ली कंपनीच्या दोन: क्रॅम्पस 29 × 3 टायरची आणि कराटे मंकी, जी 2002पासून आहे आणि 29च्या चाकांच्या पहिल्या तयार फ्रेमींत मोजली जाते. जुन्या कराटे मंक्या अधूनमधून वापरलेल्या विकायला येतात. यावर नजर ठेवायची.

एका मित्राकडे 1990च्या सुमाराची 26 इंची कडक सायकल आहे. फ्रेम देखणी, जोड बघत बसावेत असे. पण टायर 2.1च्या पुढं बसत नाही आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणं लांब स्टेम (हँडल चिमट्याला जोडणारा तुकडा), खाली हँडल. आठ तास त्यावर म्हणजे सगळा भार तळहातांवर. नको.

थोडा इतिहास, कारण तो इथं कामाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 21 ऑक्टोबर 1976 रोजी रिपॅक नावाच्या उतारावर पहिली शर्यत झाली. सायकली 1930-40च्या दशकांतल्या, जड, फुगीर बलून टायरच्या. पायडल उलटं दाबून लावायचा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. शर्यतीचं नाव त्यावरून पडलं. 1977मध्ये जो ब्रीझनं खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. विकत मिळणारा रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअपचा चिमटा, आरएस-1, आला तो 1989-90च्या सुमारास. म्हणजे तोवर लोक डोंगर उतरत होते ते फुगीर टायरांच्या भरवशावर.

यावरून पसंतीचा क्रम लावला. आधी फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो ते बघायचं. मग मुठी किती वर आणि किती मागं आणता येतात ते. मग सर्वांत हलका गिअर. वजन सगळ्यात शेवटी. दुकानात हा क्रम उलटा असतो. गिऱ्हाईक आल्या आल्या सायकल उचलून बघतं.

14 जुलै

फ्रेम मिळेपर्यंत हार्डटेलच प्रयोगासाठी वापरायची. एका वेळी एकच बदल, म्हणजे कशानं काय झालं ते कळतं.

पहिला बदल चिमटा. नुसता कडक चिमटा आणून बसवला, असं चालत नाही. 29च्या सायकलीचा 100 मिमी शॉकअपचा चिमटा धुऱ्यापासून डोक्यापर्यंत 510 मिमीच्या आसपास असतो. आपण बसलो की 20 मिमी दबतो, उरतात 490. मी आणलेला स्टीलचा चिमटा 470 मिमीचा आहे. म्हणजे पुढा 20 मिमी खाली गेला. त्यानं हेडट्यूबचा (चिमट्याची दांडी जिच्यातून जाते त्या पुढच्या नळीचा) कोन साधारण 1 अंश उभा होतो, वळण चपळ होतं आणि पायडलची धुरी 7-8 मिमी खाली येते. खाली आलेलं हँडल स्टेमखाली वॉशर घालून भरून काढलं. 26 इंची जुन्या सायकलीचा 400 मिमीच्या आसपासचा चिमटा स्वस्तात मिळत होता, पण तो 29च्या फ्रेमला लावला असता तर सायकल तोंडघशी उतरल्यासारखी झाली असती.

बसवताना दुकानातले मामा म्हणाले, "लोकं शॉकअप बसवून घ्यायला येत्यात, तू काढून टाकाय आलायस. नवा माल हाय की रे हा!" काढलेला चिमटा त्यांनी फडक्यात गुंडाळून दिला. नवा कडक चिमटा 1 किलो 150 ग्रॅम.

जुन्या 2.1 टायरमध्ये 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा ठेवूनच पन्हाळ्याच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यावर फिरवून आणली. चढाला सायकल सरळ वर जाते, ताकद कुठं मुरत नाही. उताराला मात्र हातांना पूर्वीपेक्षा जास्त बसतं. हे होणारच होतं. आता सगळं काम टायरवर आहे आणि टायर अजून बदललेला नाही.

28 जुलै

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी या आठवड्यात ओलांडली. रस्ते बंद, नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी. सायकलीचं काम थांबवलं. तालमीतल्या पोरांबरोबर सामान हलवायला गेलो.

18 ऑगस्ट

टायर. या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, असं माझं मत आता पक्कं झालंय.

हिशेब साधा आहे. मागच्या चाकावर 45 किलो भार येतो असं धरा. 40 पीएसआय म्हणजे जवळजवळ 2.8 किलो प्रति चौरस सेंमी. तर टायर जमिनीला टेकतो 16 चौरस सेंमी जागेत. हवा 20 पीएसआयवर आणली की तोच भार 32 चौरस सेंमीवर पसरतो. टेकण्याची जागा दुप्पट, पकड जास्त, आणि बारका दगड चाकाला वर उचलण्याऐवजी टायरमध्ये रुततो. तो रुतला की चाक वर जात नाही, चाक वर गेलं नाही की हँडलही जात नाही.

मग सगळ्यांनीच हवा कमी का ठेवू नये? अरुंद टायरमध्ये तेवढं दबायला जागा नसते. रिम दगडावर आपटते, ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. टायर रुंद झाला की उंचीही वाढते, 2.1 म्हणजे 53 मिमी, 2.6 म्हणजे 66 मिमी. ते वरचे 13 मिमी म्हणजे माझा शॉकअप. त्याला सील नाही, तेल नाही आणि तो पहिल्या मिलिमीटरपासून हलतो.

रुंद टायरला रिमही रुंद हवी. जुनी रिम आतून 19 मिमी, तिच्यावर 2.6 बसतो, पण कमी हवेत वळणावर आडवा लोळतो. नव्या चाकांसाठी आतून 30 मिमीच्या रिमा ठरवल्या. ट्यूब काढून टाकायची, आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव). करवंदीच्या आणि घाणेरीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूब ठेवणं म्हणजे दर ओढ्यापाशी पंक्चर काढत बसणं.

हवा मोजायला वेगळा डिजिटल गेज घेतला. उभ्या पंपावरचा काटा 160 पीएसआयपर्यंतचा असतो. 15 आणि 18 यांतला फरक त्यावर दिसतच नाही आणि इथं 3 पीएसआयनं सायकल बदलते.

15 सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती झाल्यावर हँडलचं काम काढलं.

सरळ हँडल मागं 7-9 अंश वळलेलं असतं. हात सैल सोडून पुढं धरा आणि मुठी वळा. अंगठे आत, एकमेकांकडे कलतात. मनगटाची ती नैसर्गिक ठेवण सरळ दांडीवर मोडते आणि तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार येतो. 45 अंश वळलेल्या दांडीवर भार तळव्याच्या मध्यावर, अंगठ्याच्या बुडाशी येतो. तसल्या हँडलवर पैसे घालण्याआधी हे हाताला खरंच मानवतं का, ते बघायचं होतं.

लेडीज सायकलीचं मागं वळलेलं हँडल आणलं. त्याचा मधला भाग 25.4 मिमी, माझं स्टेम 31.8चं. मधे 3.2 मिमी जाडीची बुशी हवी. दुपारच्या सुट्टीत लेथवर ॲल्युमिनियमची बुशी ओढली, बाहेरून 31.8, आतून 25.4, आणि हॅकसॉनं एका बाजूला उभी चीर पाडली, म्हणजे स्टेम आवळलं की बुशी दबून धरते. कडा काढून टाकल्या. हँडलवर धारदार कड राहिली तर तिथूनच तडा जातो. हे प्रयोगापुरतं. पातळ नळीचं हँडल डोंगरउताराला कायमचं वापरायचं नाही.

आठवडाभर कामावर जाता-येता आणि एकदा कात्यायनीच्या बाजूला माळावर. बोटांतल्या मुंग्या गेल्या. मुठी मागं आल्यामुळे अंग मात्र जास्त उभं झालं, म्हणून खऱ्या सायकलीत फ्रेम थोडी लांब किंवा स्टेम थोडं लांब लागणार. नोंद: वळलेल्या हँडलसाठी फ्रेम निवडताना नेहमीच्या पोचेपेक्षा (पायडलच्या धुरीपासून पुढच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) 4-5 सेंमी जास्त धरा. 45 अंशांचं, पुढं कमान असलेलं खरं हँडल मागवलं. कमानीला धरून पुढं झुकता येतं, चढाला तीच जागा लागते.

29 सप्टेंबर

फ्रेम मिळाली. बंगळुरूच्या एका सायकलस्वाराकडून जुन्या बांधणीची कराटे मंकी, चिमट्यासकट, 4130 क्रोमोली. रंग उडालेला. त्यानं काही लपवलं नाही, कुठं कुठं घासलंय त्याचे फोटो आधीच पाठवले होते.

घेतल्यावर तपासणी. दोरा हेडट्यूबपासून मागच्या दोन्ही डोळ्यांपर्यंत (चाकाची धुरी बसते त्या खाचांपर्यंत) ताणून सीट ट्यूबपासूनचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. फरक 1 मिमीच्या आत. जोडांवर रॉकेल लावून पुसलं आणि खडूची पूड फिरवली. तडा असता तर रॉकेल पाझरून पुडीवर रेघ उठली असती. एकही नाही. सीट ट्यूबमध्ये बॅटरी मारून पाहिलं, तळाशी वरवरचा गंज. घासून आत जवसाचं तेल फिरवलं.

मापं व्हर्निअरनं. चिमटा 468 मिमी, शॉकअपची जागा धरून काढलेला, त्यामुळे पुढा उंच. चिमट्याच्या पायांत 84 मिमी मोकळे, 2.6 टायर घातला तरी दोन्हीकडे 9 मिमी उरतात. मागं चाक मागच्या टोकाला सरकवलं की 72 मिमी. तिथं 2.4, प्रत्यक्षात 60 मिमी, दोन्हीकडे 6 मिमी. लाल चिखलासाठी याहून कमी चालणार नाही. या फ्रेमचे मागचे डोळे आडवे लांब आहेत, चाक मागंपुढं सरकतं. मागं घेतलं की बांधाही लांब होतो. मला तेच हवं आहे.

स्टीलची फ्रेम मऊ असते असं लोक म्हणतात. फ्रेम ही त्रिकोणांची रचना. उभ्या दिशेनं स्टीलची असो वा ॲल्युमिनियमची, ती नगण्य वाकते. मी स्टील घेतलं ते टिकाऊपणासाठी आणि जोड उद्यमनगरात कुठंही भरून मिळतो म्हणून. आराम टायर, सीटपोस्ट आणि हँडलमध्ये आहे.

13 ऑक्टोबर

खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा. फ्रेमही तिथंच लेथशेजारी ठेवली होती, तिला झेंडूचा हार घालूनच घरी आणली.

चाकं मामांनी विणली. 32 तारा, तिहेरी छेद (प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडते). आऊट काढताना त्यांचं बघत राहिलो: चिमट्याला पेन्सिल टेकवून चाक फिरवायचं, रिम जिथं घासेल तिथं पलीकडची तार पाव फेरा आवळायची, अलीकडची तेवढीच सैल. मधेमधे चाक आडवं धरून दोन्ही हातांनी तारा दाबायच्या, कट्कट् आवाज येतो, तारा आपल्या जागी बसतात. पुन्हा आऊट काढायचा. शेवटी बोटानं तारा वाजवून कानानं ताण तपासला. मशीनवर विणलेल्या चाकाला हे शेवटचं दाबणं अनेकदा मिळत नाही, म्हणून ती पहिल्या महिन्यात आऊट होतात.

गिअर: पुढं 28 दाते, मागं 11-46. सर्वांत हलक्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 1.4 मीटर जाते. मिनिटाला 60 फेरे धरले तर ताशी 5 किमी, म्हणजे चालण्याच्या वेगानं बसून चढता येतं. वरच्या टोकाला ताशी 28च्या पुढं पाय नुसते फिरतात. हायवेला ही सायकल रडेल. जंगलात 28 कोण मारतो?

27 ऑक्टोबर

मसाई पठार. पाऊस संपत आलाय, फुलं अजून आहेत, म्हणून गाडीवाट सोडून चाक कुठंही घातलं नाही. ओल्या सड्यावर उठलेली चाकाची खूण वर्षभर राहते आणि तिथली माती जेमतेम बोटभर असते. हे प्रत्येकानं पाळावं.

जांभ्याचा उघडा सडा हवा ठरवायला उत्तम. तोच तुकडा, तोच वेग, हवा बदलत. पुढं 22: डोळ्यांसमोरची वाट थरथरते. 18: बरं. 15: दगड टायरमध्ये जिरतात. 12: वळताना टायर लोळतो, एकदा रिम टेकली. मागं याच रीतीनं 20. माझं वजन 78 किलो, त्यात पाणी-डबा. कमी वजनाच्या माणसाला याहून कमी लागेल.

पुढं 15, मागं 20 कायम केलं.

10 नोव्हेंबर

सीट. पन्हळी पुठ्ठ्यावर बसून बुडाच्या हाडांचे ठसे घेतले: मध्यांत 12.5 सेंमी. त्यात 2-3 सेंमी मिळवून 15 सेंमी रुंदीची सीट. जाड फोमची घेतली नाही. दोन तासांनी फोम बसतो आणि मग मधल्या मऊ भागावर भार येतो.

सीटपोस्ट जुन्या सायकलीला 31.6 मिमी, 14 सेंमी बाहेर. नव्या फ्रेमला 27.2 मिमी, वरची नळी खाली असल्यानं 22 सेंमी बाहेर. एका टोकाला धरलेल्या पोकळ नळीचा नियम: लवण लांबीच्या घनानं वाढतं, आणि पत्र्याची जाडी तीच असेल तर व्यासाच्या घनानं कमी होतं. लांबीमुळे जवळजवळ चौपट, व्यासामुळे दीडपट, मिळून सहापट लवचीक. मिलिमीटरांतच आहे, पण मुळ्यांवरून बसून जाताना कमरेला कळतं. आत किमान किती जायला हवा ती खूण बघूनच उंची ठरवली.

24 नोव्हेंबर

आंबा. आदल्या आठवड्यात वनखात्याच्या कार्यालयात विचारून कोणत्या वाटांवर जाता येतं ते समजून घेतलं होतं. या पट्ट्याचा मोठा भाग विशाळगड संवर्धन राखीव क्षेत्रात येतो. सायकल आहे म्हणून कुठंही घुसता येत नाही, आणि घुसूही नये.

पिकअपमधून सायकली आंब्यापर्यंत. उजाडताना निघालो, बरोबर तालमीतला जुना दोस्त त्याच्या हार्डटेलवर. पहिले तास मुरमाचा चढ. सर्वांत हलक्या गिअरला बसून, नाकानं श्वास घेत. पुढं अंजनी-जांभळाची गर्द सावली, खाली ओला पाचोळा. इथं ही सायकल सगळ्यात छान चालते. चाक मुळ्यांवरून जातं ते कळतं, पण टोचत नाही. जमिनीचा पोत हातांना समजत राहतो. ओली मूळ आहे की कोरडी, हे घसरायच्या आधी लक्षात येतं. शॉकअपवर ही खबर हातांपर्यंत पुसट होऊन येते. मला कडक चिमटा आवडण्याचं खरं कारण हेच आहे आणि ते कुठल्या तक्त्यात मांडता येत नाही.

तिसऱ्या तासाला हात ठीक. पाचव्या तासाला खांद्यांमागं थोडा ताण. हँडलच्या कमानीला धरून चढ काढला तर तो गेला. दर काही वेळानं पकड बदलत राहायची सवय लागली: मुठी, मुठींचं मागचं टोक, कमान. दिवसभराच्या आरामात पकडीच्या जागा जास्त असणं हे हँडलच्या कोनाइतकंच मोलाचं निघालं. सातव्या तासाला करंगळी जागी, बोटं मोकळी.

दुपारी ओढ्याकाठी भाकरी, झुणका, ठेचा. खिशात गूळ-शेंगदाणे दिवसभर. हवा तपासली: पुढं 14.5, मागं 19.5. पुन्हा भरली नाही.

एका वळणावर गवा दिसला, वाटेच्या कडेला, मान वर. आम्ही लांबच थांबलो, सायकली फिरवून हळू मागं आलो, आणि ती वाट त्या दिवसापुरती सोडली. कडक चिमट्याच्या सायकलीला आवाज नसतो; जनावराला आपण जवळ येईपर्यंत कळत नाही. म्हणून आंधळ्या वळणाआधी बोलायचं किंवा घंटी वाजवायची, आणि चार-साडेचारनंतर दाट भागात राहायचं नाही.

मर्यादाही दिसली. शेवटचा उतार जांभ्याच्या पायऱ्यांचा. दोस्त हार्डटेलवरून सरळ सुटला. मला ताशी 20च्या वर गेलं की समोरचं दुहेरी दिसायला लागे, म्हणून ब्रेक धरून, दगड चुकवत, वाट निवडत उतरलो. खाली त्याला माझी पाच-सात मिनिटं वाट बघावी लागली. ज्याला उतारच मारायचा आहे त्यानं ही सायकल घेऊ नये. संध्याकाळी मात्र तो गाडीत मनगटं चोळत होता आणि मला परत चढून जावंसं वाटत होतं.

15 डिसेंबर

किरकोळ दुरुस्त्या. डिस्क ब्रेकची चकती पुढं 180 मिमी होतीच, मागं 160. जांभ्याच्या उतारावर मागचा तापून वास आला, तिथंही 180 घालणार. बाटलीचा पिंजरा खालच्या नळीखाली होता, चिखल तोंडावर येतो. चिमट्याच्या पायांवर हलवला. मागच्या आडव्या डोळ्यांत धुरी जोर लावला की पुढं सरकत होती. उद्यमनगरातच M6चा आटा पाडून ताणण्याचा स्क्रू बसवला.

मुठी सीटपेक्षा 4 सेंमी वर राहिल्या आहेत. पूर्ण दिवसानंतर 5 करून बघितलं, चढाला पुढचं चाक हलकं झालं, पुन्हा 4.

काढून ठेवलेला शॉकअपचा चिमटा हार्डटेलला परत लावून सायकल भाच्याला दिली. त्याच्या कॉलेजच्या रस्त्याला खड्डे मोठे आहेत, तिथं तो उपयोगी पडेल.

दोस्ताला आता अशीच हवी आहे. पण तो 5 फूट 3 इंच, वजन 58. 29चं चाक आणि उंच पुढा घेतला तर त्याचं हँडल छातीशी येईल. त्याच्यासाठी 27.5 × 2.8: रिम 584 मिमी, टायर 71 मिमी, म्हणजे हवेची गादी माझ्यापेक्षा जास्तच आणि फ्रेम बुटकी. हवा पुढं 12, मागं 14-15पासून सुरू करायची. गिअर पुढं 26. पुढच्या रविवारी त्याची बैठक मोजायची, मग फ्रेम शोधायला लागायचं. माझ्या टायरांतलं सीलंट जानेवारीच्या शेवटी बघायचं. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, तेव्हा मार्चपासून दर सहा आठवड्यांनी.